जुन्या दगडखाणीत चढाई शिकताना

कृत्रिम भिंतीवर सराव केलेली मुलं खाणीच्या तोंडाशी पहिल्यांदा येतात, तेव्हा सगळ्यांच्या नजरा आधी वर जातात. कुठून सुरू करायचं, कुठली चीर धरायची, ओट्यापर्यंत कसं पोचायचं, याची चर्चा पाठीवरची सॅक उतरायच्या आत सुरू झालेली असते. मी त्यांना आधी खाली बघायला सांगते. पायाशी पडलेल्या दगडांच्या कडा काळपट, शेवाळलेल्या आहेत की राखाडी आणि ताज्या? दगड उचलला तर खालचं गवत वाळलेलं आहे की अजून हिरवं? हिरव्या गवतावर ताज्या फुटीचा दगड पडलेला असेल तर तो कालपरवा वरून आलाय, आणि त्याचे भाऊबंद अजून वरच आहेत.

नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगच्या, म्हणजे रोपशिवाय बुटक्या भिंतीवरच्या चढाईच्या, जागतिक चषकाच्या फेऱ्या झाल्या, टोकियो ऑलिंपिकमध्ये स्पोर्ट क्लाइंबिंग आलं, आणि भिंतीवर चढणारी मुलं वाढली. त्यांची बोटं आमच्या पिढीपेक्षा कितीतरी मजबूत आहेत. पण भिंतीवरचा प्रत्येक होल्ड, म्हणजे हाता-पायाला धरायची जागा, कुणीतरी बोल्टने आवळून बसवलेला असतो. खाणीतला होल्ड कुणी बसवलेला नसतो, उलट कुणीतरी तो हादरवून ठेवलेला असतो. भिंतीवरून पहिल्यांदा खाणीत येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आमची खाण पुणे जिल्ह्यात, वनखात्याच्या हद्दीत आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. जागा लहान आहे, आणि तिथे पक्ष्यांची वीण होते. सगळ्यांना ठाऊक असलेलं चित्र हवं असेल तर वेताळ टेकडीवरची जुनी खाण आठवा: कापल्यासारखी काळी भिंत, तळाशी पाणी, काठाला गिरिपुष्पाची झाडी. आमच्याकडची भिंत साधारण १८ मीटर उंच आहे आणि ८ मीटरवर तिला एक रुंद ओटा आहे. खाणीत दगड वरून खाली पायऱ्या पाडत काढतात, त्यातली ही एक मागे राहिलेली पायरी. चढणारे तिला लेज म्हणतात. या लेखातलं बरंचसं त्या ओट्याभोवतीच फिरणार आहे, कारण खाणीतली मजा आणि धोका दोन्ही तिथेच आहेत.

आधी जागा कुणाची, ते

बंद पडलेली खाण म्हणजे बेवारस जागा नव्हे. ती गायरान असेल, खासगी असेल किंवा वनखात्याची. तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन सातबारा बघितला की उलगडा होतो. वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या: किती जण, कुठल्या तारखेला, कोणाच्या देखरेखीखाली. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या अध्यक्षांना आधी भेटा. महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं, त्यामुळे पैसे घेऊन लोकांना नेणाऱ्या संस्थांना नोंदणीचे आणि सुरक्षेचे नियम आहेत. तुम्ही कुणाला पैसे देऊन जात असाल तर ती नोंदणी बिनधास्त विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर जाऊ नका.

आणि एकट्याने किंवा दोघा नवख्यांनी मिळून तर मुळीच जाऊ नका. किमान चार जण हवेत, त्यात एक जण असा हवा की ज्याने उघड्या कातळावर अँकर, म्हणजे रोप अडकवायचा वरचा आधार, लावण्यात काही वर्षं काढली आहेत. मुंबई-पुण्यातल्या गिर्यारोहण संस्था दर हिवाळ्यात प्रस्तरारोहणाची शिबिरं घेतात. मुंबईची गिरिविहार तर १९५४ पासून आहे. पुढे मन रमलं तर दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट) किंवा उत्तरकाशीची निम (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग) यांचे अभ्यासक्रम आहेतच. पण सुरुवात जवळच्या संस्थेपासून करा. तिथल्या जुन्या लोकांना आपल्या भागातला दगड माहीत असतो.

खाणीचा दगड वाचायला शिका

नैसर्गिक कड्यावर जे पडायचं होतं त्यातलं पुष्कळसं हजारो पावसाळ्यांनी पाडून टाकलेलं असतं. खाणीची भिंत तिच्यापुढे अगदी कोवळी. ती सुरुंगाने उघडी पडलेली आहे, आणि सुरुंग पुढचा दगड काढतो तसा मागे उरलेल्या दगडातही तडे सोडतो. भिंतीवर उभ्या, अर्ध्या नळीसारख्या खुणा दिसतात, त्या सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या. त्यांच्यापासून चांदणीसारखे तडे फुटलेले दिसले तर तो पट्टा सोडून द्या. काही जुन्या खाणींत सुरुंगाऐवजी पहारीने आणि पाचरी ठोकून दगड काढलेला असतो. ओळीने पाडलेल्या आखूड, बोटभर खाचांवरून ते ओळखू येतं. वडार समाजातल्या पाथरवटांच्या हातची ही कामं. तिथला दगड सहसा शाबूत असतो, कारण त्यांनी तो त्याच्याच नैसर्गिक सांध्यावर फोडलेला असतो. आमच्या भिंतीचा डावा कोपरा असा आहे आणि नवख्यांना आम्ही तिथेच चढवतो.

सुरुंगाच्या भोकात बोट, काडी, काहीही घालू नका. न उडालेली दारू आत राहिलेली असू शकते. तारेचा तुकडा बाहेर लोंबताना दिसला तर सगळ्यांना घेऊन मागे व्हा आणि वनरक्षकाला किंवा पोलिसांना कळवा.

आपला बेसाल्ट म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. प्रत्येक थराचा गाभा घट्ट, काळा, बोटांना खरखरीत लागणारा. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले, आणि त्या पोकळ्यांत पुढे पांढरी-हिरवट खनिजं भरली. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणी अशा खनिजांसाठी जगभर प्रसिद्ध आहेत. निळ्याशार कॅव्हॅन्साइटचे तिथले नमुने संग्राहक जपून ठेवतात. चढणाऱ्याच्या दृष्टीने मात्र पांढऱ्या ठिपक्यांचा दगड म्हणजे सावध राहायचा दगड. त्यातली भोकं बोटांना आयती वाटतात, पण आतलं खनिज भुसभुशीत निघतं आणि कड अचानक तुटते. दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीसारखा पट्टा दिसतो. तो पावसात झिजतो आणि वरचा दगड अधांतरी राहतो. लाल पट्ट्याच्या लगेच वरचा मोठा धोंडा कितीही भक्कम दिसला तरी त्याच्यावर भार टाकू नका आणि त्याच्याखाली बसून डबाही खाऊ नका.

दगड वाजवून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. तळहाताच्या टाचेने ठोका. घट्ट दगड हाताला झिणझिण्या आणतो आणि आवाज जवळपास येतच नाही. सुटा दगड पोकळ, बद्द वाजतो, आणि दुसरा हात शेजारी टेकवलेला असेल तर त्याला हलकी थरथर जाणवते. पोकळ वाजला की त्यावर चॉकने, म्हणजे हाताचा घाम टिपायच्या पांढऱ्या पावडरने, फुली मारा. परतताना त्या फुल्या पुसायच्या आहेत, हेही तेव्हाच लक्षात ठेवा.

कधी जायचं

पाऊस थांबला म्हणजे खाण कोरडी झाली असं नाही. झाडीतून मुरलेलं पाणी दिवाळीपर्यंत चिरांमधून झिरपत राहतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. मार्चनंतर काळा दगड दहा वाजताच हात भाजतो. तेव्हा उजाडायला पोचा आणि नऊला आवरा.

पण याच हिवाळ्यात शृंगी घुबडाची वीण असते, आणि त्याला आपल्यासारखेच खाणीतले ओटे आवडतात. ते घरटं बांधत नाही, ओट्यावरच्या मातीत उथळ खळगा करून तिथेच अंडी घालतं. ओट्याखाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ, उंदरांची हाडं आणि केस असलेल्या गोळ्या दिसल्या, किंवा मोठं तपकिरी घुबड दिवसाढवळ्या अस्वस्थपणे उडालं, तर ती भिंत त्या मोसमापुरती त्याची. आम्ही दोन हिवाळे उजवा अर्धा भाग पूर्ण सोडला होता. दुर्बिणीतून पिल्लं वाढताना बघितली, तो आनंद चढाईपेक्षा कमी नव्हता.

आग्या मोहोळाबद्दल मात्र कुठलाही अपवाद नाही. भिंतीवर, झाडावर, ओट्याच्या पोटाखाली दुर्बिणीने नीट शोधा. दिसलं तर चढाई रद्द. रोपवर लटकलेला माणूस पळू शकत नाही. अत्तर, डिओ लावून येऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा करू नका. चिरेत हात घालण्याआधी आत बघा; फुरसं अशा दगडांच्या सांदीत असतं. साप चावलाच तर कापणं, चोखणं, दोरीने आवळणं काहीही करायचं नाही. माणसाला शांत ठेवून, तो अवयव हलू न देता, १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. ते रुग्णालय कुठे आहे हे घरून निघण्याआधी माहीत करून घ्या, आणि खाणीत फोनला रेंज कुठल्या कोपऱ्यात येते तेही पोचल्या पोचल्या बघा.

तळातल्या पाण्यात उतरू नका. खाणीच्या डोहाला उथळ काठ नसतो. पहिल्याच पावलाला खोली असते आणि बाहेर यायला धरायला काही नसतं.

सामान

नवख्याने स्वतःचं म्हणून आधी हेल्मेट घ्यावं, मग बूट, मग हार्नेस, म्हणजे रोप बांधायचा कमरेचा पट्टा. रोप आणि अँकरचं सामान संस्थेचं वापरा. हेल्मेट आरोहणाचंच हवं, सायकलचं किंवा दुचाकीचं चालत नाही. ते खाली उभ्या माणसानेही सतत घालायचं. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी ओट्यावर पाय टेकवला आणि बुटाखालची खडी सरकली. लिंबाएवढा एक दगड खाली बिले देणाऱ्या, म्हणजे माझा रोप सांभाळणाऱ्या, मैत्रिणीच्या डोक्यावर बसला. हेल्मेटला आरपार तडा गेला, तिला काही झालं नाही, आणि तिने रोपवरचा हातही सोडला नाही. ते हेल्मेट संस्थेच्या खोलीत अजून खिळ्याला टांगलेलं आहे.

रोप डायनॅमिक, साधारण १० मिलिमीटर जाडीचा. पडल्यावर तो ताणला जातो आणि धक्का शोषतो. न ताणला जाणारा स्टॅटिक रोप अँकर आणि रॅपलिंगसाठी, म्हणजे रोपवरून खाली उतरण्यासाठी. त्यावर लीड क्लाइंबिंग, म्हणजे रोप खालून सोबत नेत चढणं, करायचं नाही. खाणीतल्या दगडाच्या कडा सुरीसारख्या असतात, म्हणून गोणपाट किंवा जुन्या जीन्सचे पाय सोबत न्या. आमच्या पेटीत जुन्या अग्निशमन पाइपचे हातभर तुकडे आहेत, रोप त्यातून ओवला की कडेवर घासत नाही.

माथ्यावरचं काम

टॉप रोप म्हणजे रोप वरच्या अँकरमधून जाऊन दोन्ही टोकं खाली येतात, आणि चढणारा पडला तरी फारसा खाली जात नाही. पहिलं वर्षभर एवढंच करा. अँकर अनुभवी माणूस लावेल, पण तुम्ही शेजारी बसून प्रत्येक गोष्ट बघा आणि विचारा.

खाणीचा माथा ही सगळ्यांत फसवी जागा आहे. तिथे माती आणि मुरूम सैल असतो, वर वाळलेलं गवत, खाली गोट्या. कडेपासून चार-पाच मीटर मागेच एखाद्या भक्कम झाडाला स्वतःला बांधून घ्यायचं आणि मगच पुढे सरकायचं. त्याआधी खाली कुणी नाही याची खात्री. गुराखी, सरपणाला आलेल्या बायका, फोटो काढणारी पोरं यांना खाण आपल्याइतकीच त्यांची वाटते, आणि ते बरोबरच आहे. एक माणूस खालच्या वाटेवर उभा ठेवा. कडेचा सुटा दगड बोलून, बघून, एकेक करून मागे उचलून ठेवा. खाली ढकलू नका.

अँकरचे किमान दोन स्वतंत्र आधार हवेत, एक सुटला तर दुसऱ्याने पूर्ण भार घ्यावा असे. झाड जिवंत, मांडीएवढं जाड आणि कडेपासून मागे असलेलं निवडा. भिंतीच्या चिरेतून उगवलेला पिंपळ कितीही मजबूत दिसला तरी तो अँकर नाही, कारण त्याची मुळंच ती चीर रुंद करत असतात. माथ्यावर माती वीतभरच असेल तर मुळं पसरट असतात. झाड जोरात हलवा आणि बुंध्याजवळची जमीन उचलते का बघा. जुने बोल्ट कुणी ठोकले, कधी ठोकले हे ठाऊक नसेल तर गंजलेल्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. आपल्याकडचे चार पावसाळे लोखंडाला पुरेसे होतात.

दोन आधारांपासून येणाऱ्या स्लिंगांमधला, म्हणजे शिवलेल्या पट्ट्यांमधला, कोन ६० अंशांच्या आत ठेवा. कोन जसा उघडत जातो तसा प्रत्येक बाजूवरचा ताण वाढतो, आणि १२० अंशांना दोन्हींवर पूर्ण वजनाएवढा भार येतो, म्हणजे दोन आधार घेऊन काहीच वाटणी झाली नाही. खालचा मुख्य बिंदू कडेच्या बाहेर लोंबला पाहिजे. तिथे स्क्रूने बंद होणाऱ्या कड्या, म्हणजे स्क्रूगेट कॅरॅबिनर, दोन, तोंडं उलटसुलट, दोन्ही स्क्रू आवळलेले. रोप खाली सोडण्याआधी "रोप!" अशी हाक, खालून "ये" आल्याशिवाय सोडायचा नाही. दोन्ही टोकं जमिनीला लागलेली डोळ्यांनी बघा, आणि बिलेकडच्या टोकाला गाठ मारा.

एकमेकांना तपासणं

आठची गाठ हार्नेसच्या दोन्ही फाशांतून ओवलेली, दोऱ्या एकमेकींवर न चढता समांतर, आणि बाहेर वीतभर शेपूट. बिले देणाऱ्याचं कॅरॅबिनर बंद, उपकरणातून रोप बरोबर दिशेने. दोघांच्या बकली. हे चढणाऱ्याने बिले देणाऱ्याचं आणि बिले देणाऱ्याने चढणाऱ्याचं तपासायचं, नुसतं बघून नव्हे तर हात लावून. दहा वर्षांचा अनुभव असलेल्यांनीही. गप्पांच्या नादात अर्धी राहिलेली गाठ मी स्वतःच्या हार्नेसवर पाहिली आहे. समोरच्या मुलीने हात लावून तपासलं म्हणून ती दिसली.

बिले देताना ब्रेकचा हात रोपवरून सुटत नाही, डास चावला तरी. उभं राहायचं ते भिंतीच्या जवळ पण चढणाऱ्याच्या नेमकं खाली नव्हे, दोन पावलं बाजूला. हाका ठरलेल्या आणि मोजक्या: "बिले ऑन" (मी धरलंय), "क्लाइंबिंग" (चढतोय), "स्लॅक" (रोप सैल सोड), "टाइट" (आवळ). काहीही सुटलं, अगदी चॉकची पिशवी, तरी "दगड!". ती ऐकल्यावर खालच्याने वर बघायचं नाही, मान खाली घालून भिंतीला चिकटायचं.

ओट्यापर्यंत

आता चढा. बेसाल्टच्या खाणीत आडव्या, चौकोनी कडा भरपूर मिळतात, म्हणून नवखा माणूस हातांनीच ओढत सुटतो आणि चौथ्या मीटरला कोपरापर्यंत हात दगड होतात. पाय बघा. बुटाची आतली कड, अंगठ्याच्या बाजूने, कातळावर शांतपणे ठेवा, मग वजन त्यावर न्या, मग उठा. हात खांद्याच्या वर फार ताणू नका. हात, पाय मिळून चारातले तीन टेकलेले असताना चौथा हलवा. आणि खाणीतला सगळ्यांत महत्त्वाचा नियम: होल्ड खाली दाबा, बाहेर ओढू नका. सुटा दगडसुद्धा खाली दाबला तर बहुधा जागेवर राहतो. बाहेर ओढला की तुमच्यासकट निघतो.

दोन भिंती पुस्तकासारख्या मिळतात त्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंना पाय रोवून उभं राहता येतं. तिथे थांबा, हात एकेक करून खाली सोडून झटका, श्वास घ्या. आमच्या डाव्या कोपऱ्यात सहाव्या मीटरला अशी जागा आहे. मुलं तिथून खाली बघतात आणि बहुतेकांना पहिल्यांदा पोटात गोळा येतो. येऊ दे. घाबरलेल्या माणसाला खालून दहा जणांनी सूचना देऊ नयेत. फक्त बिले देणाऱ्याने बोलावं, आणि "रोप टाइट आहे, मी धरलंय" एवढंच.

ओटा हाताला लागला की लगेच वर उडी मारायचा मोह होतो. थांबा. ओट्यावर वर्षानुवर्षांची खडी साचलेली असते. आधी एका हाताने कडेमागची जागा चाचपा, खडी आतल्या बाजूला सारा, बाहेर नको. मग विहिरीत पोहून काठावर चढतो तसं: दोन्ही तळवे कडेवर, बोटं आत, कोपरं सरळ होईपर्यंत दाबत वर, आणि पाय तळव्यांशेजारी. गुडघा टेकवू नका; गुडघ्यावर बसलेल्या माणसाला तिथून उठता येत नाही आणि खडी सगळी खाली जाते. बिले देणाऱ्याने या क्षणी रोप जास्त आवळून ठेवायचा. ओट्यावर चढून पुढे निघालेला माणूस पडला तर तो हवेत नव्हे, ओट्यावर आपटतो आणि घोटे मोडतात. म्हणून ओट्याच्या वरचे पहिले दोन मीटर जमिनीलगतच्या पहिल्या दोन मीटरांसारखेच ढिलाई न ठेवता बिले करायचे.

ओट्यावर उभं राहिलात तरी गाठ सोडू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी बहुतेकांनी इथूनच उतरावं. खाली उतरताना रोपवर बसा, पाय खांद्याएवढे फाकवून भिंतीवर काटकोनात ठेवा आणि चालत या. उड्या मारल्या की वर रोप कडेवर घासतो.

निघताना

चॉकच्या फुल्या ब्रशने पुसा. अँकर काढणारा माणूस शेवटपर्यंत झाडाला बांधलेला असतो. सामान मोजा, प्लॅस्टिक मोजा, माणसं मोजा, आणि ज्यांना जाताना सांगितलं होतं त्या वनरक्षकाला किंवा समितीच्या अध्यक्षांना निघाल्याचं कळवा. घरी पोचल्यावर रोप मीटर-मीटर करत हातातून सोडा. कुठे चपटा, मऊ किंवा केसाळ लागला तर तिथे चिकटपट्टी लावून संस्थेत दाखवा. मळला असेल तर साध्या पाण्यात धुवून सावलीत वाळवा. रोपच्या वहीत तारीख, जागा, किती जण चढले, कुणी जोरात पडलं का आणि कुठल्या कडेवर घासला, हे त्याच रात्री लिहा.